दही, फळे आणि गावचा काला

इतिहासाच्या प्राध्यापकाने लढाया, तह आणि सनदा यांच्यावर बोलावे; दही आणि फळे हा का त्याचा प्रांत? असे आपणांपैकी काही मंडळी म्हणतील. म्हणोत बापडी. माझे म्हणणे एवढेच, की राजे कसे लढले हे बखरीत सापडते, पण गावातले दूध कोणाच्या मुखी पडले, हे शोधायचे तर स्वयंपाकघरातच शिरावे लागते. आणि तिथला इतिहास लढाईइतकाच बोलका आहे.

आज आपण वडीगोद्रीपासून निघू. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले हे गाव. जालन्याहून अंबडवरून येणारा रस्ता इथे सोलापूर-धुळे हमरस्त्याला मिळतो. दक्षिणेला शहागडजवळ गोदावरी, पश्चिमेला पैठण. १९७६ साली जायकवाडीच्या धरणाचे उद्घाटन झाले, त्याचा डावा कालवा या तालुक्यातून गेला, आणि ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊस आणि मोसंबी दिसू लागली. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे या मातीतल्या मोसंबीचे नाव सरकारदरबारी नोंदले गेले. आता याच हमरस्त्यावरच्या एखाद्या मोठ्या थांब्यावर उतरा आणि दुकानातल्या शीतकपाटात डोकावून पाहा. प्लास्टिकची एवढीशी वाटी, तळाला फळांचा गोड मुरंबा, वर घट्ट दही. मुले तीच मागतात. दूध पहाटे गावातून डेअरीला गेले, मोसंबीची बाग झाडावर असतानाच व्यापाऱ्याला दिली, आणि सायंकाळी दूध व फळ दोन्ही वाटीत बसून विकत घरी आले! यात कोणाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. रोकड पैसा लागतो, तो दुधाने आणि बागेने दिला. पण फळ आणि दही यांची सोयरीक कोणा परदेशी कंपनीने जुळवली, असे जर आपली मुले समजत असतील, तर इतिहासाच्या मास्तराने तोंड उघडणे प्राप्त आहे.

आधी त्या परदेशी वाटीचेच सांगतो. १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव नावाच्या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात आपल्या देशातल्या दह्यातले जंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले मेचनिकॉफ यांनी दही खाणाऱ्यांना दीर्घायुष्य लाभते असे मत मांडले, आणि युरोपातल्या शहरांत दह्याला एकदम औषधाचा मान आला. १९१९ साली बार्सिलोनात आयझॅक करासो यांनी दह्याचा कारखाना काढला. ते दही सुरुवातीला औषधांच्या दुकानांत विकले जाई. आंबट दही चमच्याने खाणे तिकडच्या बऱ्याच लोकांना जड गेले. मग १९३३ साली प्राग शहरातल्या एका डेअरीने दह्याबरोबर फळांचा मुरंबा घालण्याचे पेटंट घेतले, आणि १९४७ साली अमेरिकेत तळाला फळ व वर दही अशी वाटी बाजारात आली. म्हणजे ही युक्ती फार तर शंभर वर्षांची. दह्याचा आंबटपणा झाकायला फळ, इतकाच तिचा उगम.

आता आपल्याकडे वळू. कल्याणीचे चालुक्य राजे मराठवाड्यावर राज्य करीत होते, त्या काळची गोष्ट. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. राजाने राज्य कसे करावे इथपासून हत्ती कसे पकडावे, गाणे कसे ऐकावे, इथपर्यंत सारे त्यात आहे. त्यातल्या 'अन्नभोग' या भागात दह्यातले पाणी काढून, साखर मिसळून, सुवास देऊन केलेल्या शिखरिणीचा उल्लेख येतो. शाळेतल्या गुरुजींना शिखरिणी म्हटले की सतरा अक्षरांचे वृत्त आठवेल, पण ही शिखरिणी खायची! आपले शिकरण हे नाव तिच्यावरूनच आले. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात याच जातीच्या 'रसाला' नावाच्या पदार्थाचा जनक म्हणून भीमसेनाचे नाव सांगितले आहे, आणि ती श्रीकृष्णाने चाखली असेही म्हटले आहे. भीम स्वयंपाकी होता हे विराटपर्वामुळे सर्वांना ठाऊक आहे. चांगल्या पदार्थाला थोर बाप शोधण्याची आपल्याकडची हौस जुनी आहे. सतराव्या शतकात तंजावरच्या मराठी राज्यात रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने 'भोजनकुतूहल' लिहिले, तेव्हाही ही परंपरा चालूच होती.

पण मंडळी, जरा विचार करा. शिखरिणी झाली, श्रीखंड झाले, ते कोणाच्या पानात? एक किलो दही टांगले तर जवळजवळ अर्धे वजन पाणी होऊन गळून जाते. वर साखर, वेलची, केशर. ज्या घरात एकच गाय आणि खाणारी आठ तोंडे, तिथे दही असे गाळून कमी करणे परवडणार कसे? मराठवाड्यातल्या कोरडवाहू घरात दही हे खायचे नव्हतेच. ते घुसळायचे. लोणी काढायचे, लोणी कढवून तूप करायचे, तूप बाजारात न्यायचे आणि उरलेले ताक आपण प्यायचे, शेजारच्याला द्यायचे. ताक विकत नाहीत, ही रीत आपल्या आयाबायांनी किती पिढ्या पाळली! त्या ताकाच्या लोटक्याने किती घरे धरून ठेवली, याचा हिशेब कोणत्या दप्तरात नाही. त्यामुळे श्रीखंड हा दसऱ्या-पाडव्याचा आणि तोही बऱ्या स्थितीतल्या घरांचा पदार्थ राहिला. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' छापून निघाले, १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र'. ही पुस्तके ज्या घरांत गेली ती लिहितीवाचती, शहरी घरे. आमच्या गोदाकाठच्या कुणब्याच्या चुलीपर्यंत ती काही पोचली नाहीत.

मग त्या घरांत दही आणि फळ कधी एकत्र आले? त्याचे उत्तर आपल्या सर्वांच्या ओंजळीत आहे. काला!

सप्ताहाचा शेवटचा दिवस आठवा. काल्याचे कीर्तन होते, हंडी फुटते, आणि हातावर पडतो तो काला: लाह्या, पोहे, दही, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, लोणच्याची फोड, काकडी, डाळिंबाचे दाणे, पेरू, जे ज्या घरून आले ते. पैठणला नाथषष्ठीचा उत्सव फाल्गुन वद्य अष्टमीला काला होऊनच संपतो. गोकुळाष्टमीचा दहीकाला तर गावोगाव आहे. ज्याच्याकडे दही आहे त्याने दही आणले, ज्याच्या परसात पेरू आहे त्याने पेरू. कोणाही एका घरावर भार नाही, आणि तरीही प्रत्येकाच्या तोंडी दही, फळ आणि धान्य तिन्ही लागली. शहरातल्या उपाहारगृहांत हल्ली उंच पेल्यात दही, फळे आणि कुरकुरीत भाजलेले ओट यांचे थर लावून देतात. ते पाहिले की मला हटकून काल्याची ओंजळ आठवते. ओटच्या जागी आमच्या ज्वारीच्या लाह्या, एवढाच काय तो फरक. थर लावण्यात तर आम्ही कोणाला हार जाणारे नाही. आम्ही गोपाळांचे थर लावून हंडीपर्यंत पोचतो!

या काल्याचे मूळ भागवताच्या दहाव्या स्कंधात आहे. तेराव्या अध्यायात यमुनेच्या वाळवंटात कृष्ण आणि गोपाळ शिदोऱ्या सोडून बसले आहेत. ताट नाही, वाटी नाही. कोणी पानावर घेतले, कोणी फुलांच्या पाकळ्यांवर, कोणी फळाच्या सालीत, कोणी दगडावर. आणि मधोमध बसलेल्या कृष्णाचे जे चित्र आहे ते नीट पाहा: डाव्या हातात मऊ घास, आणि बोटांच्या बेचक्यांत फळे धरलेली. हा घास दहीभाताचा, असा टीकाकारांनी त्याचा अर्थ केला. पुढे विसाव्या अध्यायात पाण्याकाठच्या शिळेवर बसून दहीभात खाल्ल्याचे स्पष्टच आले आहे. दही, भात आणि फळ एका हातात. रानात गुरे राखणारे पोर जसे खाईल तसेच हे खाणे आहे. यात राजवाड्याचे काही नाही.

मराठी संतांनी या प्रसंगावर जीव टाकला. नामदेव, एकनाथ, तुकाराम, सर्वांच्या गाथांत काल्याचे अभंग आहेत. कीर्तनकार बुवा एक गोष्ट रंगवून सांगतात, तीही तुम्ही ऐकली असेल. काल्याचा उष्टा कण तरी मिळावा म्हणून स्वर्गातले देव मासे होऊन यमुनेत आले, की गोपाळ हात धुतील तेव्हा शिते पाण्यात पडतील. कृष्णाने ते ओळखले आणि गड्यांना सांगितले, आज पाण्यात हात धुवायचे नाहीत, घोंगडीला पुसा. देवांनाही जे मिळाले नाही ते गुराख्यांना मिळाले, असा त्यातला भाव.

तो भाव फार मोठा आहे, आणि म्हणूनच पुढचे बोलायला जीभ अडखळते. सर्वांची शिदोरी एकत्र कालवायची म्हणणाऱ्या या समाजात, तो काला सर्वांच्या हातावर सारखा पडत होता का? नव्हता. कोणाला मांडवाच्या कडेला बसून, वरून टाकलेला प्रसाद झेलावा लागला, हे सांगणारी वडील माणसे आपल्या गावांत होती. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य म्हटलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. काल्याचे अभंग त्याआधी शेकडो वर्षे गायले जात होते. गाणे आणि वाढणे यांत एवढे अंतर पडू शकते, हे मुलांना शिकवताना मास्तरांनी लपवू नये.

आता एका शंकेकडे येतो, कारण ती घरोघरी निघते. "फळ आणि दही एकत्र खाऊ नये, शास्त्रात निषिद्ध आहे," असे म्हातारी माणसे सांगतात. शास्त्र काय म्हणते ते तरी पाहू. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त विरुद्ध आहाराची यादी आहे, आणि त्यात केळे दह्याबरोबर किंवा ताकाबरोबर खाऊ नये असे खरोखरच सांगितले आहे. चरकाने आंबट फळे दुधाबरोबर वर्ज्य केली आहेत. पण तोच चरक असेही सांगतो, की दही रात्री खाऊ नये, गरम करून खाऊ नये, आणि नुसते तर खाऊच नये. त्याबरोबर तूप-साखर, मुगाचे कढण, मध किंवा आवळा असावा. आवळा म्हणजे फळच की! आणि आमच्या आज्या? त्या वाग्भटाला नमस्कार करून, मोहरी फेसून, केळ्याची दह्यातली कोशिंबीर सणाच्या पानात डावीकडे वाढीत आल्या. शास्त्राचा आदर आणि घरची चव, दोन्ही त्यांनी सांभाळली. ज्याला दही-केळे बाधते त्याने खाऊ नये, त्याच्यावर सक्ती नाही. मात्र दुधात मोसंबी पिळली तर दूध फाटते, हे तर डोळ्यांना दिसते. दही आधीच आंबून घट्ट झालेले असते, म्हणून त्याचे तसे काही होत नाही.

इतका इतिहास झाल्यावर वाटी घरी कशी करायची ते न सांगता उठलो, तर भगिनीवर्ग मला माफ करणार नाही. म्हशीचे एक लिटर दूध तापवून, बोट सोसवेल इतके कोमट करा आणि चमचाभर विरजण लावा. थंडीत भांडे घोंगडीत गुंडाळून ठेवा. भांडे मातीचे, काचेचे किंवा स्टीलचे घ्या. कल्हई नसलेल्या पितळेत दही कळकते, हे जुन्या बायकांना सांगायला नको. मातीच्या मडक्याचा गुण असा, की ते थोडे पाणी स्वतःच शोषते आणि दही कवडीसारखे लागते. दही लागले की स्वच्छ धुतलेल्या सुती फडक्यात बांधून खुंटीला टांगा. श्रीखंडासाठी चक्का रात्रभर टांगतात. आपल्याला इतका कोरडा नको, दोन-तीन तास पुरे. उन्हाळ्यात सावलीत टांगा, नाहीतर आंबट ढाण होईल. मग त्यात चवीपुरती साखर किंवा बारीक केलेला गूळ फेटा.

हे पाणी काढण्यात सगळे मर्म आहे. फळाला साखर लागली की फळ पाणी सोडते, आणि दही पातळ असेल तर थर राहत नाहीत, सगळा गारा होतो. कल्याणीच्या राजाच्या आचाऱ्याला जे कळले होते तेच इथे कामाला येते. म्हणून साखर दह्यात घालावी, फळावर शिंपडू नये.

फळांचेही स्वभाव आहेत. मोसंबीची फोड सोलून, वरचा पापुद्रा आणि बी काढून मगच घ्या, आणि लगेच खा. मोसंबीचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो, हे रसवंतीवाल्याला विचारा. पापुद्र्यात आणि बियांत जे द्रव्य असते ते आंबट रसात मिसळून हळूहळू कडू होते. डाळिंबाला काही त्रास नाही, दाणे टाकावेत आणि मोकळे व्हावे. केळे चिरल्यावर काळे पडते, पण दह्यात बुडवले तर आंबटपणामुळे बराच वेळ पांढरे राहते. सीताफळाचा गर बिया काढून घातला तर वरून साखर लागतच नाही. अननस आणायचाच असेल तर आधी साखरेत शिजवून गार करा. कच्च्या अननसात असा पाचक गुण आहे, की तो दुधातली प्रथिने तोडतो आणि दही कडू करतो. कच्च्या पपईच्या चिकाचेही तेच, पिकलेल्या पपईत तो फारच थोडा उरतो.

वाटीत तळाला फळ, त्यावर दही, पुन्हा फळ, पुन्हा दही, आणि अगदी खाताना वर मूठभर ज्वारीच्या लाह्या. आधी घातल्या तर मऊ पडतात, आणि पोरे तोंड वाकडे करतात. नागपंचमीच्या लाह्या उरलेल्या असतील तर त्यांना याहून चांगली गती नाही. एक लिटर दुधात चार-पाच वाट्या सहज होतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. दुकानातली एक वाटी वर्गात आणा आणि तिच्यावरचे घटकांचे बारीक टाइप मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. साखर किती, फळ किती, हे मुलांनी वहीत लिहावे. मग घरी केलेल्या वाटीचा खर्च मांडावा: दुधाचा डेअरीचा भाव, मोसंबीचा बागेवरचा भाव, लाह्यांसाठी लागलेली ज्वारी. इतिहास, गणित आणि विज्ञान एका तासात होतील. शिवाय तास संपल्यावर खायला मिळेल, तेव्हा हजेरीची काळजी नको.

या हिशेबात मुलांना आणखी एक गोष्ट दिसेल. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. कित्येकांनी विकतच्या पाण्याने टँकर लावून झाडे जगवली, कित्येकांनी मुलासारखी वाढवलेली झाडे स्वतःच्या हाताने तोडली. ज्या घराने हे सोसले, त्या घरातल्या पोराला आपल्या बागेतली मोसंबी पोटभर खाता येते का? बाग व्यापाऱ्याला दिल्यावर झाडाचे फळ तोडायचे नाही, असा दंडक असतो आणि तो पाळावाही लागतो. पण सौदा करतानाच दोन झाडे घरासाठी राखून ठेवता येतात. काही शेतकरी तशी ठेवतातही. आंबिया बहाराची दोन झाडे आणि दुधाच्या कॅनमधले लिटरभर दूध, एवढ्यावर घरातल्या सर्वांची वाटी भरते.

राहिले फडक्यातून गळालेले पाणी. ते ओतून देऊ नका. दह्यातले क्षार बरेचसे त्या पाण्यातच उतरलेले असतात. त्यात मीठ-जिरे घालून पिता येते, कढीला वापरता येते, ज्वारीच्या आंबिलीत तर ते फारच छान लागते. आणि ताकासारखेच, शेजारच्या घरी एक लोटी पाठवता येते.